लेखकाला बोलवताय? मग त्यांना बोलू द्यायची तयारी आधी करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातल्या एका विद्यापीठाच्या उपपरिसरात दीडशेच्या आसपास पदव्युत्तर विद्यार्थी आहेत. पुण्याहून एक कादंबरीकार व्याख्यानाला बोलवायचे आहेत आणि हाताशी २५ हजार रुपये आहेत. गेल्या वर्षी असाच कार्यक्रम झाला. अर्धं सभागृह रिकामं राहिलं, लेखकांना बोलायला जेमतेम पंचवीस मिनिटं मिळाली, आणि 'कोणाला काही विचारायचंय का?' म्हटल्यावर एकही हात वर आला नाही. या वेळी काय वेगळं करावं?

तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टी दोन कारणांवर येऊन थांबतात. मुलांनी त्या लेखकाचं एकही पान वाचलेलं नव्हतं, आणि मंचावरच्या वेळेचा हिशोब आधी कोणी मांडला नव्हता. लेखक बोलवायचे म्हणजे गाडी, मुक्काम, हार, फ्लेक्स असं आपण धरून चालतो. खरी कामं दोनच आहेत: ऐकणाऱ्यांना आधी वाचायला लावणं, आणि बोलणाऱ्याला पाऊण तास अखंड मिळवून देणं. बाकी सगळी धावपळ या दोहोंच्या चाकरीला आहे, हे आयोजन समितीच्या पहिल्याच बैठकीत सगळ्यांच्या कानावर घाला.

तारखेपासून सुरुवात करू, कारण निम्मी गर्दी तारखेवर ठरते. आपल्याकडे जून-जुलै प्रवेशात जातो, ऑगस्ट उजाडल्याशिवाय वर्ग नीट भरत नाहीत. पोळा, गणपती आणि महालक्ष्म्या आल्या की वसतिगृहातल्या मुली तीन-चार दिवस गावी असतात. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, सकाळच्या झेंडावंदनाला सगळे जमतातच, तर लगेच व्याख्यान ठेवू, असा मोह होतो. पण त्या दिवशी मुलं साडेनऊला मोकळी होऊन घराकडे निघतात. सप्टेंबरअखेर ते दिवाळी हा सोयाबीनच्या काढणी-मळणीचा काळ. शेतकऱ्याघरचा मुलगा तेव्हा रानात असतो आणि त्याला दोष देता येत नाही. त्यानंतर दिवाळी आणि सत्र परीक्षा. मार्चपासून पुन्हा परीक्षा, वर ऊन. म्हणजे वर्षाकाठी दोन खिडक्या उरतात: ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा, सण वगळून, आणि ५ जानेवारी ते २० फेब्रुवारी. १४ ते २८ जानेवारी हा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असल्याने खर्चाच्या मंजुरीची टिपणी तेव्हा लवकर पुढे सरकते, हा फायदा घ्या. फक्त १४ जानेवारीचा, मराठवाडा विद्यापीठाचा, नामविस्तार दिन मोकळा सोडा. २७ फेब्रुवारीच्या मागे मात्र लागू नका. मराठी भाषा गौरव दिनाला प्रत्येक महाविद्यालयाला लेखक हवे असतात. नावाजलेल्यांच्या तारखा कितीतरी आधी गेलेल्या असतात, आणि जे येतात ते एका दिवसात तीन गावं करून थकलेले असतात.

वार मंगळवार ते गुरुवार यांतला घ्या, गावच्या आठवडी बाजाराचा दिवस टाळून. वेळ सकाळी साडेअकरा. खेड्यांतून येणारी मुलं-मुली दहा-साडेदहाच्या एसटीनं पोचतात आणि चार-साडेचारची गाडी चुकली तर घरी पोचायला रात्र होते. संध्याकाळची वेळ गावातल्या रसिकांना सोयीची असते हे खरं, पण त्या वेळेला ये-जा करणाऱ्या मुली कार्यक्रमातून आपोआप गळतात. गावकऱ्यांसाठी करायचंच असेल तर त्याच दिवशी साडेपाचला नगर वाचनालयात वेगळी, छोटी बैठक ठेवा. एका दिवसात यापेक्षा जास्त लेखकांच्या माथी मारू नका.

निमंत्रण किमान आठ आठवडे आधी द्या. पहिला फोन विभागप्रमुखांनी स्वतः करावा, विद्यार्थी प्रतिनिधीवर सोपवू नये. होकार मिळाला की दोन दिवसांत ई-मेलनं पत्र, आणि त्यात सगळं स्पष्ट: दिनांक, वेळ, श्रोते कोण आणि किती, त्यांनी कोणतं पुस्तक वाचलेलं असेल, बोलायला किती मिनिटं, प्रश्नांना किती, मानधन किती आणि कधी, प्रवासाची व्यवस्था कोण करणार. मानधनाचा आकडा लिहायला आपण संकोचतो. 'यथाशक्ती करू' असं लिहिलं की लेखक विचारू शकत नाहीत, आणि निघताना पाकीट हातात पडतं तेव्हा दोन्ही बाजू अवघडतात. आठ हजार देणार असाल तर आठ हजार लिहा. याच पत्रात चार गोष्टी विचारून घ्या: जिने चढायला त्रास आहे का, खाण्याचं काही पथ्य आहे का, सोबत कोणी येणार आहे का, आणि ध्वनिचित्रमुद्रणाला परवानगी आहे का. येणारे बहुतेक लेखक साठीच्या पुढचे असतात. सभागृह दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद, हे त्यांना आल्यावर कळू नये.

आणखी एक गोष्ट फोनवरच ताडून पाहा. उत्तम लिहिणारी व्यक्ती व्याख्यानही उत्तम देईलच असं नाही. 'मला सलग बोलायला जमत नाही' असं लेखक म्हणाले तर तो विनय समजू नका. सरळ मुलाखत ठेवा, मध्ये दहा-पंधरा मिनिटं त्यांच्याच तोंडून एखादं प्रकरण ऐका. मुलाखत घेणाऱ्यानं पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं हवं, एवढी एकच अट. 'आपल्या लेखनाची प्रेरणा काय?' हा प्रश्न मुलाखतीत आला तर समजा वाचलेलं नाही.

आता वाचन. खरं सांगायचं तर २५ हजारांतला सर्वांत कामाचा खर्च तीन हजारांचा आहे: एकाच पुस्तकाच्या बारा प्रती, सवलत धरून सरासरी अडीचशे रुपयांनी. पुस्तक लेखकांना विचारून निवडा, आणि दोनशे पानांच्या आतलं निवडा. साडेचारशे पानांची गाजलेली कादंबरी मुलं हातात घेतात, तीस पानांवर अडतात आणि मग कार्यक्रमालाच येत नाहीत, कारण आपण वाचलं नाही याची लाज वाटते. बारा प्रतींवर ग्रंथालयाचा शिक्का मारा, पण त्या कपाटात ठेवू नका. विभागात एक वही ठेवा: नाव, घेतल्याची तारीख, परत केल्याची तारीख. प्रत्येकाला सहा दिवस. सहा आठवड्यांत एक प्रत सात हातांतून जाते, म्हणजे कागदावर ८४ वाचनं. प्रत्यक्षात निम्मी धरा. कोणी गावी जातं, कोणी प्रत बहिणीला देतं (ते वाचनही मोजा, वाया गेलेलं नाही). दीडशेच्या सभागृहात पुस्तक वाचलेली चाळीस मुलं बसलेली असली की खोलीची हवाच बदलते. विनोद कुठे आहे ते त्यांना आधी ठाऊक असतं, पात्राचं नाव निघालं की मान वर होते, आणि बोलणाऱ्याला ते समोर दिसतं.

ज्यांच्यापर्यंत पुस्तक पोचणार नाही त्यांच्यासाठी एक प्रकरण किंवा एक कथा, आठ ते दहा पानांची, लेखकांची आणि प्रकाशकाची लेखी परवानगी घेऊन झेरॉक्स करा आणि दहा दिवस आधी वर्गात वाटा. नुसती वाटून थांबू नका. एका तासिकेत ती मोठ्यानं वाचून घ्या, चार-पाच मुलांनी आलटून-पालटून. मोठ्यानं वाचताना मूल जिथे अडतं, जिथे हसतं, जिथे 'असं कसं?' म्हणतं, तिथेच प्रश्न जन्माला येतात. ते त्याच वेळी फळ्यावर लिहून घ्या. त्यांतले आठ-दहा निवडून आठवडाभर आधी लेखकांना पाठवा. उत्तरं आधी मागण्यासाठी पाठवायचे नाहीत. समोर कोण बसणार आहे याचा अंदाज त्यांना त्यातून येतो आणि ते नेहमीचं भाषण बाजूला ठेवून या मुलांसाठी बोलतात. हा फरक फार मोठा असतो.

मंचाचा हिशोब कागदावर मांडून पाहा. नेहमीच्या पद्धतीनं दीपप्रज्वलन आणि प्रतिमापूजन सात मिनिटं, स्वागतगीत पाच, मंचावर सात माणसं असतील तर शाल-श्रीफळाला अकरा, प्रास्ताविक बारा, परिचय आठ, एका मान्यवरांचं मनोगत दहा. लेखक माईकपाशी पोचतात ते त्रेपन्न मिनिटांनी. तोवर मुलांचं लक्ष संपलेलं असतं. त्यानंतर अध्यक्षीय समारोप आणि आभार डोक्यावर असतात, म्हणून लेखकांना चिठ्ठी जाते: 'कृपया आवरतं घ्यावे.' चारशे किलोमीटरवरून बोलावलेल्या माणसाला ही चिठ्ठी देणं हा अपमान आहे, मग ती कितीही नम्र अक्षरांत लिहिलेली असो.

याला तोड अशी. मंचावर तीनच खुर्च्या: लेखक, अध्यक्ष आणि प्रश्नोत्तरं सांभाळणारा संवादक. सत्कार साडेदहाला संचालकांच्या दालनात, चहाबरोबर. तिथे ज्यांना ज्यांना शाल द्यायची, फोटो काढायचा, त्यांनी मनसोक्त काढावा. सभागृहात लेखकांना फक्त एक पुस्तक किंवा रोप, अर्धा मिनिट. साडेअकरा ते अकरा चाळीस या दहा मिनिटांत दीप, चार मिनिटांचं प्रास्ताविक, तीन मिनिटांचा परिचय. मग चाळीस मिनिटं व्याख्यान, पंधरा मिनिटं लेखकांचंच अभिवाचन, तीस मिनिटं प्रश्न. शेवटी अध्यक्षांची पाच मिनिटं आणि आभाराची दोन. एक वाजून बारा मिनिटांनी मुलं मोकळी.

अवघड भाग पुढेच आहे: संस्थेचे पदाधिकारी, शेजारच्या महाविद्यालयांचे प्राचार्य, गावातले मान्यवर. त्यांना मंचावर घेतलं नाही तर मनाला लागतं, आणि ते तुम्हाला वर्षभर सोसावं लागतं. त्यांना कार्यक्रमाच्या दिवशी दारात हे सांगू नका. चार दिवस आधी विभागप्रमुखांनी स्वतः जाऊन सांगावं: या वेळी रचना वेगळी आहे, आपली जागा पहिल्या रांगेत राखीव आहे, सत्काराला दालनात आपण हवेच आहात. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर नावाच्या पट्ट्या लावा आणि प्रास्ताविकात एकाच वाक्यात सगळ्यांची नावं पदासह, न चुकता, घ्या. मान मिळाला की वेळ मागायला सहसा कोणी येत नाही. नाव राहिलं तर मात्र मध्येच चिठ्ठी येते आणि सगळी घडी विस्कटते.

परिचयासाठी लेखकांकडून आलेला दोन पानी बायोडेटा वाचू नका. पुरस्कारांची यादी ऐकताना सभागृह झोपतं. तीन मिनिटांत तीन गोष्टी पुरेत: लिहिणारी व्यक्ती कुठली, तिनं कशाविषयी लिहिलंय, आणि पुस्तकातली चार-पाच ओळींची एक जागा, नीट वाचून दाखवलेली. हे काम पुस्तक वाचलेल्या विद्यार्थिनीला किंवा विद्यार्थ्याला द्या.

ध्वनिव्यवस्थेकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं आणि सगळ्यांत जास्त नुकसान तिथेच होतं. आपली सभागृहं म्हणजे वर स्लॅब, खाली टाइल्स, बाजूला काचा. रिकाम्या सभागृहात मंचावरून एक टाळी वाजवा. आवाज घुमत राहिला तर भाषणातले शब्द एकमेकांवर चढणार हे नक्की. मंडपवाल्याकडून जाड कापडी पडदे आणून मागच्या भिंतीवर सोडा, पायाखाली सतरंज्या घाला. निम्मा घुमारा तिथेच जिरतो. तीनशेचं सभागृह आणि दीडशे माणसं असा प्रकार असेल तर ते सभागृह सोडाच. ग्रंथालयाचा वाचनकक्ष घ्या. पुस्तकांनी भरलेली कपाटं आवाज फार छान शोषतात, आणि दीडशे माणसांनी तो भरलेला वाटतो.

साउंडवाल्याला 'व्याख्यान आहे' एवढं सांगून भागत नाही. तो वरातीचाच संच घेऊन येतो. त्याला सांगा: दोन टॉप (स्टँडवरचे मुख्य स्पीकर) किंवा दोन कॉलम (उभे, अरुंद स्पीकर) पुरेत, बेसचे मोठे डबे नकोत. स्पीकर माईकच्या पुढे चार-पाच फूट, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर, तोंड मागच्या रांगांकडे. स्पीकर माईकच्या मागे गेले की स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. मिक्सरवर 'इको' बंद आहे का ते स्वतः पाहा. आदल्या रात्रीच्या ऑर्केस्ट्रासाठी तो चालू केलेला असतो आणि कोणी बंद करत नाही. माईकच्या चॅनलला लो-कट (खालचा घुमणारा आवाज कापणारं बटण) असेल तर तो चालू ठेवा, बेसचं बटण मधल्या खुणेच्या थोडं खाली. मराठीतला त आणि थ, प आणि फ वेगळा ऐकू यायचा तर खालचा घुमणारा आवाज कमी व्हायलाच हवा.

पोडियमवर एक वायरचा माईक, हातात एक कॉर्डलेस, आणि तिसरा प्रश्नांसाठी. कॉर्डलेसमध्ये त्या दिवशी नवे सेल घाला. 'परवाच टाकलेत' हे ऐकून घेऊ नका, पंचवीस-तीस रुपयांचा प्रश्न आहे. माईक तोंडापासून चार बोटांवर धरायचा आणि दांड्याला धरायचा. जाळी मुठीत आवळली की माईक चहूबाजूंचा आवाज ओढू लागतो, आणि शिट्टी आलीच. हे लेखकांना मंचावर जाण्याआधी एका वाक्यात सांगितलं तर त्यांना वाईट वाटत नाही. वाचताना मान खाली जाते, तेव्हा पोडियमचा माईक हनुवटीच्या पातळीला आणि कागदाच्या वरच्या कडेशी असावा. कॉलर माईक छोट्या सभागृहात टाळलेला बरा. तो छातीवर असल्यामुळे आवाज वाढवावा लागतो आणि लगेच शिट्टी धरतो.

चाचणी अशी घ्या. आदल्या दिवशी पंखे चालू ठेवून एकानं पोडियमवरून दहा सुटे शब्द वाचावेत: ताट, थाट, पान, भान, शेत, शेट असे जवळजवळच्या उच्चारांचे. शेवटच्या रांगेतल्यानं ऐकू आले तसे लिहावेत. दहापैकी नऊ बरोबर आले तर संच ठीक. सहा आले तर आवाज वाढवू नका, आधी बेस कमी करा आणि मंचाजवळचे दोन पंखे बंद करून पाहा. 'हॅलो, माईक टेस्टिंग' म्हणून यातलं काहीच कळत नाही.

वीज जाणार हे धरूनच चाला. सगळ्या सभागृहासाठी जनरेटर लावायला पैसे नसतील तर मिक्सर, ॲम्प्लिफायर आणि कॉर्डलेसचा रिसीव्हर एवढंच १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर घ्या. बॅटरी धड असेल तर भाषणापुरता मध्यम संच दोन तास चालतो. पंखे बंद पडले तरी मुलं थांबतात, आवाज बंद पडला की उठतात. जनरेटर आणलाच तर इमारतीच्या मागच्या बाजूला, खिडक्यांपासून लांब लावा.

प्रश्नोत्तरांकडे वळू. हात वर येत नाहीत याचा अर्थ मुलांना प्रश्न नाहीत असा नसतो. पहिलं उठायची भीती असते, आणि आपली भाषा 'शुद्ध' नाही ही त्याहून मोठी भीती. म्हणून दारातच प्रत्येकाला ए-फोर कागदाचा पाव तुकडा द्या आणि वीस-पंचवीस पेनं रांगांतून फिरू द्या. अभिवाचन सुरू होताना चिठ्ठ्या गोळा करा. दोन विद्यार्थ्यांनी त्या पंधरा मिनिटांत त्यांची छाननी करावी, एका विषयाच्या एकत्र. वैयक्तिक टोमणा असेल तेवढाच बाजूला ठेवायचा, अडचणीचा प्रश्न बाजूला ठेवायचा नाही. पहिला तोंडी प्रश्न कोण विचारणार हे ठरवून ठेवा, काय विचारणार हे ठरवू नका. एकजण उठला की बाकीचे उठतात. संवादकानं 'प्रश्न?' म्हटल्यावर मनात दहा आकडे मोजत गप्प बसावं. हे दहा सेकंद फार लांब वाटतात, पण तेवढ्यात कोणीतरी उठतंच.

संवादकानं सुरुवातीलाच सांगावं की घरी जसं बोलता तसं विचारा. मग एखादी मुलगी विचारते, 'सर, तुम्ही त्या बाईला शेवटाला कामून मारलाव?' हा कादंबरीवरचा अस्सल प्रश्न आहे, सगळी रचना त्यात आली. तो प्रमाण मराठीत 'म्हणजे तिला असं विचारायचंय की…' असा धुऊन पुन्हा सांगू नका. लेखकांना कळतं. तुम्ही दुरुस्त केलात की त्या रांगेतली पुढची तीन मुलं गप्प होतात.

प्रश्नांचा माईक विद्यार्थी स्वयंसेवकाच्या हातात राहावा, विचारणाऱ्याच्या हाती जाऊ नये. पहिल्या रांगेतले एखादे ज्येष्ठ 'प्रश्न नाही, दोन शब्द बोलतो' म्हणून उठतातच. स्वयंसेवकाला माईक मागे घेणं शक्य नसतं, ते संवादकाचं काम आहे. दीड मिनिटानंतर श्वासाची जागा पाहून म्हणावं, 'सर, आपला मुद्दा महत्त्वाचा आहे, लेखकांचं यावरचं मत ऐकू या,' आणि चेहरा लेखकांकडे वळवावा. आवाज चढवायची गरज पडत नाही. आरक्षण, जात, निवडणूक हे विषय आपल्याकडे निघणारच. लेखकांना आदल्या संध्याकाळी त्याची कल्पना द्या, ते कुठवर बोलू इच्छितात ते विचारा. प्रश्न दाबला तर तो बाहेर मोठा होतो. तो पुस्तकातल्या पात्राशी, प्रसंगाशी जोडून घेतला की उत्तरही त्याच वजनाचं येतं.

पैशांची वाटणी साधारण अशी बसते: मानधन ८,०००, प्रवास ६,५००, निवास-जेवण २,५००, पुस्तकं ३,०००, ध्वनी २,५००, फ्लेक्स आणि झेरॉक्स १,०००, राखीव १,५००. प्रशासकीय मान्यतेची टिपणी निमंत्रणपत्राच्या आधी मंजूर व्हायला हवी. कार्योत्तर मान्यतेवर विसंबलात तर मानधन महिनोन्‌महिने अडकतं आणि फोन लेखकांना करावा लागतो. अग्रिम उचल (आगाऊ रक्कम) घ्या, म्हणजे साउंडवाला आणि गाडी यांचे रोख पैसे खिशातून जात नाहीत. लेखकांचा पॅन, बँकेचा तपशील आणि प्रवासाची तिकिटं ते निघायच्या आधीच घेऊन ठेवा. रोख देत असाल आणि रक्कम पाच हजारांच्या वर असेल तर पावतीवर एक रुपयाचं महसूल तिकीट लागतं. ते ऐन वेळी गावात मिळत नाही, आदल्या दिवशी आणून ठेवा.

प्रवास वाचवायचा एक चांगला मार्ग आहे. लातूर, उदगीर, अंबाजोगाई ही गावं एकमेकांपासून एक-दोन तासांवर आहेत. शेजारच्या दोन महाविद्यालयांशी बोलून लेखकांचे सलग दोन-तीन दिवस ठरवा आणि प्रवासखर्च तिघांत वाटा. मानधन मात्र प्रत्येकानं स्वतंत्र द्यावं. मुंबईहून येणाऱ्यांना लातूरची रात्रीची गाडी सोयीची, धाराशिवलाही तीच. नांदेडला देवगिरी, तपोवन, नंदीग्राम आहेत. अंबाजोगाईला रेल्वे नाही, परळीला किंवा लातूरला उतरवून गाडी पाठवावी लागते. तिकीट खालच्या बर्थचं काढा. पुण्याहून मोटारीनं आणत असाल तर कार्यक्रमाच्या दिवशी पहाटे निघायला लावू नका. सहा-सात तासांचा रस्ता करून आलेला माणूस साडेअकराला उभा राहून नीट बोलू शकत नाही.

मुक्काम विद्यापीठाच्या अतिथीगृहात ठेवा. शासकीय विश्रामगृहाचं आरक्षण मंत्र्यांचा दौरा लागला की रद्द होऊ शकतं, तेव्हा पर्यायी खोली हाताशी असू द्या. खोली आदल्या दिवशी स्वतः उघडून पाहा: गरम पाणी, चालणारा पंखा, डासांची जाळी, पलंगाजवळ प्लग. रात्रीचं जेवण साधं, पाच-सहा माणसांत. ज्वारीची गरम भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी पाहुण्यांना मनापासून आवडते. झणझणीत रस्सा आणि तीस माणसांची पंगत कार्यक्रमानंतर ठेवा.

फ्लेक्सवर एकच धोका सांगण्यासारखा आहे. तुम्ही युनिकोडमध्ये पाठवलेला मजकूर डीटीपीवाला जुन्या फाँटमध्ये बदलतो तेव्हा ऱ्या, ॲ, द्य ही अक्षरं तुटतात. पडद्यावर मंजुरी देऊ नका, कागदावर छापून घ्या आणि लेखकांचं नाव, पुस्तकाचं नाव अक्षरन्‌अक्षर बोट ठेवून वाचा.

पुस्तकविक्रीचं टेबल दाराबाहेर, पहिल्या दिवसापासून ठरवलेलं. प्रकाशकाकडून परतीच्या बोलीवर, प्रतींची नोंद असलेल्या चलनासह, पंचवीस-तीस प्रती आणा. दीडशे विद्यार्थ्यांत याहून जास्त खपत नाहीत आणि परत पाठवण्याचा खर्च तुमच्या माथी येतो. दोनशे रुपयांच्या आतली पुस्तकं आधी संपतात. यूपीआयचा कोड लावा, पण सुट्टे पैसेही ठेवा, कारण जाड भिंतींच्या आत रेंज जाते. स्वाक्षरीसाठी लेखकांना खुर्ची, टेबल आणि पाणी द्या, उभ्या उभ्या सह्या घेऊ नका.

मुद्रणाची परवानगी मिळाली असेल तर फोन स्टँडवर लावून आवाज मिक्सरच्या आऊटपुटमधून घ्या. फोनच्या माईकवर फक्त पंखे ऐकू येतात. फोन फ्लाइट मोडवर, वीस जीबी जागा मोकळी, चार्जर लावलेला. अप्रकाशित मजकूर वाचला असेल तर तेवढा भाग कापल्याशिवाय कुठेही टाकू नका.

कार्यक्रम संपला की उरलेल्या चिठ्ठ्या फेकू नका. वेळेअभावी न घेतलेले वीस-तीस प्रश्न असतातच. ते एका पाकिटात घालून निघताना लेखकांच्या हाती द्या, प्रत्येक चिठ्ठीवर वर्ग लिहिलेला असू द्या. आठवड्याच्या आत मानधन खात्यात जमा झालं का ते लेखा विभागात जाऊन पाहा आणि मगच आभाराचं पत्र पाठवा. पत्रासोबत दोन-तीन नीट आलेले फोटो, आणि बारा प्रतींची ती वाचनाची वही, पानापानाचा फोटो काढून.